व्याख्यानानंतरचा कट्टा : विद्यापीठात मराठी बोलती करण्याची रीत

आभारप्रदर्शन संपतं, खुर्च्या सरकतात आणि पाच मिनिटांत सभागृह रिकामं होतं. बाहेर चहाच्या टेबलापाशी मणिपूरहून शिकायला आलेली एक मुलगी उभी असते. तास-दीड तास तिनं मराठी व्याख्यान मन लावून ऐकलेलं असतं. शेजारच्या बाईंना ती म्हणते, "मला... अर्धं समजलं." बाई कौतुकानं हसतात आणि उत्तर देतात ते हिंदीत. मुलगीही मग हिंदीवर येते. तिची त्या दिवसाची मराठी तिथंच संपते.

हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे, की माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. आपल्या विद्यापीठांमध्ये मराठी ऐकण्याची सोय भरपूर आहे, पण परक्या माणसाला मराठी बोलण्याची जागा नाही. ती जागा व्याख्यानाला जोडूनच करता येते. ज्या विषयावर दीड तास ऐकलं, त्याच विषयावर पुढच्या दोन-तीन दिवसांत तासभर बोलायचं. मी गेली काही वर्षं पुण्यात असा एक कट्टा चालवते. तो कसा उभा करायचा, काय टाळायचं, पहिल्या तासात नेमकं काय करायचं, ते इथे सविस्तर लिहिते. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण तेच मला जवळून माहीत आहे. पण कोल्हापूर, नागपूर, मुंबई, कुठेही ही रीत चालेल.

पहिली पायरी : व्याख्यानं कुठे होतात ते हुडकून काढा

जाहीर व्याख्यान ही पुण्याची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1873 मध्ये, केंब्रिज विद्यापीठानं आपले प्राध्यापक विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, गावोगावच्या सामान्य माणसांसमोर व्याख्यानं द्यायला पाठवायला सुरुवात केली होती. 'बहिःशाल शिक्षण' म्हणतात ते हेच. पुणे विद्यापीठाची स्थापना 10 फेब्रुवारी 1949 ची. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर. विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ आजही जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांमधून भरवतं. म्हणजे व्याख्यान ऐकायला गणेशखिंडीच्या आवारातच यायला हवं असं नाही, ते तालुक्याच्या गावीही होतं.

आवारातल्या आवारातही ठिकाणं बरीच आहेत. संत ज्ञानेश्वर सभागृह, संत नामदेव सभागृह, निरनिराळ्या विभागांची छोटी दालनं. शिवाय विद्यापीठाच्याच परिसरात आयुका आहे. 1988 मध्ये जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या या खगोलविज्ञानाच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होत आली आहेत. विज्ञानाचं, मुलांना कळेल अशा मराठीतलं व्याख्यान हे भाषा शिकणाऱ्या मोठ्या माणसासाठी फार उत्तम साहित्य असतं. वक्ता वाक्यं लहान ठेवतो, वस्तू दाखवत बोलतो आणि महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगतो. अशी संधी दिसली तर पहिली तीच धरा.

माहिती मिळवण्याचे मार्ग साधे आहेत. विद्यापीठाचं संकेतस्थळ बघावंच, पण खरी बातमी विभागाच्या फलकावर आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांकडे असते. पुण्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत 'आज पुण्यात', 'शहरात आज' अशी छोटी सदरं येतात, ती रोज बघायची सवय लावा. मराठी विभाग, इतिहास विभाग, तत्त्वज्ञान विभाग आणि स्त्री-अभ्यास केंद्र अशा चार-पाच ठिकाणी एकदा प्रत्यक्ष जाऊन आपला क्रमांक देऊन ठेवा आणि "व्याख्यान ठरलं की एक निरोप पाठवाल का?" असं विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

वर्षाचं गणितही लक्षात ठेवा. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी, 28 ला, राष्ट्रीय विज्ञान दिन. या दोन दिवसांच्या आगेमागे भाषा आणि विज्ञान दोन्हींवर मराठी व्याख्यानांची रेलचेल असते. वसंत व्याख्यानमाला मात्र 21 एप्रिल ते 20 मे अशी परीक्षेच्या दिवसांत येते, तेव्हा विद्यार्थ्यांची गर्दी अपेक्षू नका. तिथे नोकरदार आणि निवृत्त मंडळींना घेऊन जा.

गोव्यात असाल तर गोवा विद्यापीठाकडे लक्ष असू द्या. तिथे कोसंबी, बोरकर अशा नावांची अध्यासनं आहेत आणि त्यांत येणाऱ्या पाहुण्या प्राध्यापकांचे अल्पमुदतीचे वर्ग नागरिकांनाही खुले असतात.

दुसरी पायरी : शिकणाऱ्याला सभागृहात नेण्याआधी तयार करा

तयारी न करता नेलेला माणूस दहाव्या मिनिटाला फोन काढतो. त्याचा दोष नसतो. आपल्या व्याख्यानाचा साचा त्याला ठाऊक नसतो, आणि वक्ता बोलायला उभा राहीपर्यंतच अर्धा तास गेलेला असतो. म्हणून आधी साचा समजावून सांगा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय, मग मुख्य व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि आभार. हे सात शब्द कार्यक्रमपत्रिकेवर दाखवा. सूत्रसंचालक काय करतो ते सांगा. पुढच्या वेळी तोच विद्यार्थी "आता प्रास्ताविक चाललंय" असं कुजबुजतो, आणि त्या कुजबुजीत केवढा आत्मविश्वास असतो!

दुसरी तयारी वळणाच्या शब्दांची. वक्ता कितीही विद्वान असो, तो "पहिला मुद्दा असा", "म्हणजे काय, तर", "याउलट", "आता मूळ विषयाकडे वळतो", "थोडक्यात सांगायचं तर" हेच शब्द वापरतो. अशा दहा-बारा शब्दांची एक चिठ्ठी शिकणाऱ्याच्या हातात द्या. व्याख्यानातला प्रत्येक शब्द कळला नाही तरी बोलणं कुठे वळलं ते कळतं. बोलण्याचा धागा हाती राहिला की माणूस ऐकत राहतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि पुस्तकी वर्गात ती हमखास सुटते. पुस्तकात 'माझे नाव', 'मी काम केले' असं असतं. व्यासपीठावर 'माझं नाव', 'मी काम केलं' असं ऐकू येतं. आपल्याला हा फरक जाणवतही नाही. पण लिपी शिकून आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला 'केले' माहीत असतं आणि 'केलं' हा वेगळाच शब्द वाटतो. अर्धा तास फक्त यावर घालवा. तसंच 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा आहे हे मुद्दाम म्हणून दाखवा. लिपीत दोन्ही एकच दिसतात, त्यामुळे कुणी सांगितल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही.

सभागृहात बसताना तिसऱ्या-चौथ्या रांगेत, वक्त्याचे ओठ दिसतील असं बसवा. ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ नको, आवाज फाटतो. वहीची दोन पानं पुरेत. एका पानावर कळलेलं, आपल्या भाषेत लिहिलं तरी चालेल. दुसऱ्या पानावर न कळलेले पण पुन्हा पुन्हा कानावर आलेले शब्द, जसे ऐकू आले तसे. अशुद्ध लिहिले तरी बिघडत नाही. हे दुसरं पान कट्ट्यावर सोन्याच्या मोलाचं ठरतं.

तिसरी पायरी : जागा, वेळ आणि परवानगी

आवाराबाहेरच्या हॉटेलात कट्टा भरवण्याचा मोह होतो. मी तसं करून पाहिलं. भांड्यांचा आवाज, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा आणि "अजून काही घेणार का?" असं विचारणारा वेटर यांत हळू बोलणारा माणूस बुजून जातो. ज्याची भाषा अजून कच्ची आहे त्याला शांतता लागते. विभागातली बारा-पंधरा खुर्च्यांची खोली, ग्रंथालयाबाहेरची झाडाखालची जागा, वसतिगृहाचं अभ्यासदालन, यांपैकी काहीही चालेल. खुर्च्या गोल मांडता यायला हव्यात, कारण पाठमोऱ्या बाकांवर वर्ग भरतो, कट्टा भरत नाही.

परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगीवर चाललेला माझा एक कट्टा चौथ्या आठवड्यात बंद पडला. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असायची त्यांची बदली झाली आणि नव्या माणसाला आमच्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. अर्ज अर्ध्या पानाचा असावा. 'मा. विभागप्रमुख यांस' असं लिहून विषयाच्या ओळीत 'मराठी संवाद-कट्ट्यासाठी खोली मिळण्याबाबत' असं लिहा. पुढे वार, वेळ, अंदाजे माणसं, सत्राच्या कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, खोली बंद करण्याची जबाबदारी कुणाची, आणि बाहेरचे नागरिक येणार असतील तर तसा उल्लेख. शेवटच्या मुद्द्याची एक प्रत प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकांकडे पोचवा. विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून नाव द्यायची विनंती करा. त्यांनी दर वेळी यायला हवं असं नाही.

वेळ सायंकाळी साडेपाच ते साडेसहा. त्याआधी तास आणि प्रात्यक्षिकं असतात, त्यानंतर वसतिगृहाच्या खानावळीची वेळ होते आणि गणेशखिंड रस्त्यावरची वाहतूक घरी जाणाऱ्यांना छळते. वार एकदा ठरला की बदलू नका. सत्र सुरू झाल्या झाल्या घाई करू नका, प्रवेश चालू असतात. ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा आणि जानेवारीचा दुसरा आठवडा हे सुरुवातीला बरे.

खर्च फारसा नाही. वीस माणसांचा चहा आणि बिस्किटं, खडू, कागद, एवढंच. पैसे गोळा करायचे असतील तर डबा ठेवा, शुल्क लावू नका. शुल्क लावलं की लोक शिकवणी समजून येतात आणि आपल्याला काही 'दिलं' जावं अशी वाट बघत बसतात.

चौथी पायरी : यजमान निवडा

कट्टा चालतो तो बोलणाऱ्या मराठी माणसांमुळे. दर तीन शिकणाऱ्यांमागे एक यजमान हे प्रमाण मला सर्वांत चांगलं वाटलं. पाचांमागे एक झाला की दोन जण गप्प बसतात.

यजमान भाषेचा पदवीधर असायलाच हवा असं मुळीच नाही. माझे सर्वांत चांगले यजमान होते एक निवृत्त पोस्टमास्तर काका आणि जुन्नरकडची भूगोलाची एक विद्यार्थिनी. काकांना थांबता येत होतं. समोरचा शब्द शोधत असताना ते शांतपणे त्याच्याकडे बघत राहत, आपला शब्द पुढे सरकवत नसत. त्या मुलीची बोली पुस्तकी नव्हती, त्यामुळे शिकणाऱ्यांना बाजारात, बसमध्ये ऐकू येणारी मराठी कट्ट्यावरच भेटली. कोल्हापूर, नागपूर, नांदेड, मालवण अशा निरनिराळ्या भागांतले यजमान जमले तर भाग्यच समजा. प्रमाण मराठी एक आणि बोली अनेक, हे सांगून जितकं कळतं त्याहून जास्त दोन यजमानांना आपसात बोलताना ऐकून कळतं.

एकमेकांना हाक कशी मारायची हेही पहिल्याच दिवशी ठरवा. विद्यार्थी विद्यार्थ्यांना 'तू' म्हणतात, वडीलधाऱ्या यजमानांना 'काका', 'काकू', 'ताई' आणि 'तुम्ही'. परदेशी माणसाला तू-तुम्हीची निवड फार अवघड जाते, आणि आपण ती न सांगता त्याच्याकडून अपेक्षितो. एकदा स्पष्ट सांगून टाकलं की त्याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरतं.

पाचवी पायरी : पहिला तास, मिनिटांच्या हिशेबानं

पहिली दहा मिनिटं चहा आणि नावं. प्रत्येकानं नाव, गाव आणि त्या गावची एक खायची गोष्ट सांगायची. 'मी अमुक गावचा, आमच्याकडे अमुक करतात' एवढं एक वाक्य नवशिक्यालाही जमतं, आणि पुढच्या गप्पांना विषयही मिळतो.

पुढची पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून. नुकतंच ऐकलेलं व्याख्यान असेल तर वहीचं ते दुसरं पान काढायचं. न कळलेले शब्द फळ्यावर लिहायचे. पाच-सहाच घ्यायचे, वीस नकोत. अर्थ मराठीतूनच सांगायचा. 'दुष्काळ' म्हणजे पाऊस पडला नाही, विहीर आटली, गुरांना चारा नाही. हातवारे करा, चित्र काढा, पण भाषांतर शेवटच्या उपायासाठी राखून ठेवा.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं हा कट्ट्याचा गाभा. चार-चार जणांचे गट करायचे, प्रत्येक गटात एक यजमान. एकच प्रश्न द्यायचा, आणि तो असा हवा की ज्याचं उत्तर प्रत्येकाकडे वेगळं असेल. पाणी या विषयावर व्याख्यान झालं असेल तर "तुमच्या लहानपणी घरात पाणी कुठून यायचं?" हा प्रश्न द्या. मेघालयची मुलगी, राजस्थानचा मुलगा आणि सोलापूरच्या काकू या प्रश्नावर पंचवीस मिनिटं बोलतील. "जलव्यवस्थापनाबद्दल तुमचं मत काय?" असं विचारलंत तर तिघंही गप्प बसतील. मत मांडायला लागणारी भाषा अजून आलेली नसते, आठवण सांगायची भाषा मात्र आलेली असते. हा फरक ओळखणं हेच कट्टा चालवणाऱ्याचं मुख्य काम आहे.

शेवटची दहा मिनिटं पुन्हा गोलात. प्रत्येकानं दुसऱ्याबद्दल एक वाक्य सांगायचं: "तिच्या घरी आजी आडातून पाणी काढायची." दुसऱ्याबद्दल सांगायचं असल्यामुळे सगळे नीट ऐकतात, आणि 'मी' सोडून 'तो', 'ती', 'ते' यांची रूपं आपोआप तोंडात बसतात. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायची आपली रीतही पहिल्याच दिवशी शिकवा. सगळे दारातून "येते हं", "येतो" म्हणत बाहेर पडतात, ते ऐकून मला दर वेळी भरून येतं.

सहावी पायरी : हिंदीवर उतरायचं नाही

सगळ्यांत अवघड पायरी ही, आणि अवघड ती आपल्याला, मराठी माणसांना. समोरचा अडखळला की आपण दयाबुद्धीनं हिंदीवर येतो. हेतू चांगला असतो, पण समोरच्याच्या कानावर संदेश जातो तो "तुझी मराठी पुरेशी नाही" असा. दहा वर्षं पुण्यात राहून मराठी न येणारी कितीतरी माणसं मला भेटली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली: आम्ही प्रयत्न केला, पण कुणी मराठीत उत्तरच दिलं नाही.

म्हणून कट्ट्यावर एक नियम: यजमान तासभर मराठीच बोलणार. शिकणाऱ्यावर सक्ती नाही. तो हिंदीत, इंग्रजीत, कशातही बोलला तरी उत्तर मराठीतच मिळणार, हळू आणि सोप्या वाक्यांत. 'हळू' म्हणजे शब्द तोडून नव्हे. वाक्य नेहमीच्या लयीत बोलायचं आणि दोन वाक्यांमध्ये थांबायचं. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी चार वाक्यं पाठ करून घ्या: "परत सांगाल का?", "जरा हळू बोला ना", "याला मराठीत काय म्हणतात?" आणि "माझ्याशी मराठीतच बोला, मला शिकायचंय". चौथं वाक्य सर्वांत मोलाचं आहे, कारण ते रिक्षात, भाजीवाल्या मावशींकडे, बँकेत, कुठेही कामी येतं.

चुका सुधारण्याची पद्धतही याच पायरीत येते. कुणी म्हणालं, "मी काल एक पुस्तक वाचली", तर "वाचली नाही, वाचलं म्हण" असं मध्येच तोडू नका. "अरे वा, कोणतं पुस्तक वाचलंस?" असं विचारा. बरोबर रूप कानावर पडतं आणि बोलणंही पुढे जातं. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, त्यामुळे हिंदी बोलणाऱ्यांकडून ही चूक होणारच. तीच चूक तीन-चार जणांकडून आली तर ती टिपून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं फळ्यावर घ्या: लेख वाचला, कादंबरी वाचली, पुस्तक वाचलं. क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे न बदलता वाचलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं, हे इंग्रजीतून विचार करणाऱ्याला तोवर कुणी सांगितलेलं नसतं.

विषय कुठून आणायचे

शिकणाऱ्यांच्या मातृभाषा हाच विषयांचा न आटणारा झरा आहे. हिंदी भाषकांबरोबर एक तास फक्त फसव्या शब्दांवर घ्या. "मी पुण्यात शिक्षा घ्यायला आलो" असं एखादा सरळ मनानं म्हणतो, तेव्हा मराठीत शिक्षा म्हणजे दंड हे त्याला प्रेमानं सांगायला हवं. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'राजीनामा' हिंदीत तडजोड, मराठीत पदत्याग.

कर्नाटकातल्या मुलांना 'अण्णा', 'अक्का', 'अडकित्ता' हे शब्द घरचे वाटतात. तेलुगू आणि तमिळ मुलांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद एका क्षणात कळतो, कारण ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही' असे दोन शब्द त्यांच्याही भाषेत आहेत. तोच भेद हिंदी आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना महिनाभर चकवतो. मग मी त्या तमिळ मुलांनाच शिक्षक करते. त्यांनी समजावून सांगितलेलं जास्त लक्षात राहतं, आणि मराठी शिकवायचा मान मिळाल्यानं त्यांची मराठीही फुलते.

इराण आणि अफगाणिस्तानातले विद्यार्थी पुण्यात बरेच असतात. त्यांच्यासमोर खुर्ची, दफ्तर, अर्ज, हजर, जाहीर हे शब्द ठेवा. फारसी बोलणाऱ्याला ओळखीची माणसं भेटल्यासारखं होतं. 'जाहीर व्याख्यान' या जोडीतला पहिला शब्द फारसीवाटे आलेला आणि दुसरा संस्कृतातला, हे एका इराणी मुलानंच आमच्या कट्ट्यावर दाखवून दिलं होतं. पोर्तुगीज येणारं कुणी असेल तर बटाटा, चावी, पगार, पाव, कोबी यांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या.

राजकारण, जात, धर्म हे विषय टाळा असं मी सांगणार नाही, कारण विद्यापीठातल्या व्याख्यानांचे ते विषय असतातच. पण पहिले सहा आठवडे ते कट्ट्यावर घेऊ नका. शब्द अपुरे असताना माणूस आपलं म्हणणं जितकं कठोर नाही तितकं कठोर बोलून बसतो, आणि मग दुखावलेली मनं सांधायलाही शब्द नसतात.

सातवी पायरी : व्याख्यान आणि कट्टा जोडा

व्याख्यान ठरल्याचं कळलं की वक्त्यांना दोन विनंत्या करा. पहिली, विषयाचे दहा-बारा महत्त्वाचे शब्द आधी कळवाल का? बहुतेक वक्ते आनंदानं देतात. काही जण तर पूर्ण टिपण देतात. दुसरी, व्याख्यानानंतर पंधरा मिनिटं भाषा शिकणाऱ्यांबरोबर बसाल का? चहाच्या वेळात हे सहज जमतं. व्यासपीठावरून उतरलेला वक्ता शेजारच्या खुर्चीत बसून "तुम्हाला काय आवडलं?" असं विचारतो, तेव्हा शिकणाऱ्याच्या मनातली भीती निम्म्यानं कमी होते.

शब्द मिळाल्यावर व्याख्यानाआधीच्या कट्ट्यावर ते घ्या, व्याख्यानाला सगळे मिळून जा, आणि नंतरचा कट्टा दोन-तीन दिवसांत भरवा. आठवडा उलटला तर ऐकलेलं विरून जातं. सगळ्या व्याख्यानांना जाऊ नका. महिन्याला एक पुरे. मधल्या आठवड्यांत कट्टा आपल्या आपण चालू द्या.

व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर वक्त्यांची आणि आयोजकांची परवानगी आधी घ्या. मिळाली तर सबंध व्याख्यान पुन्हा ऐकवू नका. तीन-चार मिनिटांचा एक तुकडा निवडा आणि तोच तीनदा ऐकवा.

दुसऱ्या भाषांचा कट्टा

हीच रीत उलट्या दिशेनंही चालते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा शिकणारे मराठी विद्यार्थी कितीतरी आहेत. जर्मन लोकांत ठरलेल्या वारी, ठरलेल्या टेबलाशी जमायची 'श्टामटिश' नावाची पद्धत आहे, आणि जगभरच्या विद्यापीठांतले जर्मन विभाग बोलण्याच्या सरावासाठी तीच वापरतात. जपानीची गरज तर याहून मोठी. पुण्यात खूप मुलं जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा देतात. या परीक्षेत वाचन आहे, श्रवण आहे, पण बोलण्याची चाचणी नाही. एन-3 ही तिची मधली पातळी उत्तीर्ण झालेली मुलगी पहिल्या मुलाखतीत गप्प बसते ती त्यामुळे. तिच्यासाठी आठवड्याला एक तासाचा संवाद हवाच.

देवाणघेवाणीचा तास करता आला तर उत्तमच: पहिला अर्धा तास मराठी, दुसरा जपानी, मध्ये घंटी. दोन्ही बाजूंना अडखळण्याचा अनुभव मिळतो, आणि स्वतः अडखळलेला यजमान पुढच्या वेळी जास्त धीर धरतो.

सहाव्या आठवड्याची गळती

पाचव्या-सहाव्या आठवड्यात संख्या निम्म्यावर येते. घाबरू नका. अंतर्गत परीक्षा असतात, नवलाई ओसरलेली असते. या काळात कट्टा एकदाही रद्द करू नका, चार माणसं आली तरी चार जणांत बोला. एकदा रद्द झाला की लोक आधी चौकशी करतात आणि मग येतात. पुढे चौकशीही थांबते. न आलेल्यांना "का आला नाहीत?" असं न विचारता "या वेळी पुरणपोळीवर बोललो, तुमची आठवण काढली" असा निरोप पाठवा.

हजेरीपट नको, पण एक वही ठेवा. दर आठवड्याची तारीख, विषय, आलेली माणसं, फळ्यावर घेतलेले शब्द आणि पुन्हा पुन्हा दिसलेली एक चूक. सत्राच्या शेवटी ही वही पुढच्या वर्षीच्या यजमानांच्या हाती द्या. विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातात, वही मागे राहते.

सत्र संपताना शेवटच्या व्याख्यानासाठी एक तयारी करून घ्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी ध्वनिक्षेपक हातात घेऊन मराठीत एक प्रश्न विचारायचा. वाक्य आधी लिहून काढा, आदल्या कट्ट्यावर दोनदा म्हणवून घ्या: "सर, नमस्कार. मी मूळची मणिपूरची. तुम्ही म्हणालात की... तर मला विचारायचं आहे की..." सूत्रसंचालकांना आधीच सांगून ठेवा की या मुलीला प्रश्न विचारायचा आहे, दोन मिनिटं द्या. वक्त्यांनाही सांगा की उत्तर मराठीतच द्यावं. आणि तुम्ही तिच्या शेजारच्या खुर्चीत बसा. ती मध्येच अडली तरी शब्द पुरवू नका. तो तिला सापडतो.